24 बिटांचा काटा आणि पोदेराची वही

म्हापशाच्या मासळी बाजारात बांगडे घेत असताना समोरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा 1.085 आणि 1.090 यांच्यामध्ये सारखा ये-जा करत होता. मासळीवाल्या बाईंना मी त्याचे कारण विचारले, तेव्हा “वाऱ्यान हालता तें,” असे काट्याकडे न बघताच सांगून त्यांनी बांगडे पिशवीत टाकले. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण काट्याच्या रुंद ताटावर पाच ग्रॅमचा दाब देणे डोक्यावरच्या पंख्याला सहज जमते. फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याचे मात्र या उत्तराने समाधान झाले नाही. “मामा, असल्या काट्यात 24 बिटांची चिप असते, म्हणजे 1 कोटी 67 लाख पायऱ्या. मग हा पाच ग्रॅमवर का अडतो?” असे त्याने विचारले, आणि लगेच पुढची शंका काढली, की सप्टेंबर 2025 मध्ये गाजावाजा झालेला आपला विक्रम प्रोसेसर 32 बिटांचा आहे, तर तो मासळीच्या काट्यापेक्षा आठच बिटांनी पुढे आहे की काय.

प्रश्न विनोदी वाटला तरी त्यामागचा गोंधळ सार्वत्रिक आहे. बिट म्हणजे 0 किंवा 1 यांपैकी एक अंक; एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात. प्रोसेसरचे बिट म्हणजे तो एका दमात हाताळत असलेल्या संख्येची लांबी. ती संख्या अंकांतून येते आणि अंकांतच जाते, त्यामुळे तिथे 32 म्हणजे 32 असतात आणि त्याबद्दल वाद नसतो. काट्यातल्या चिपचे काम निराळे आहे. बाहेरच्या जगातला विद्युतदाब पायऱ्यापायऱ्यांनी नव्हे, तर अखंड बदलतो. त्याला ॲनालॉग म्हणतात. तो मोजून त्याची संख्या करणाऱ्या चिपमध्ये अखंड आणि अंकीय असे दोन्ही संसार एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर मांडलेले असतात, म्हणून तिला मिक्स्ड-सिग्नल चिप म्हणतात. तिच्या बाबतीत 24 हा आकडा म्हणजे केवळ दावा असतो, आणि अशा दाव्यांविषयी अभियंत्यांची मते फारशी सौम्य नसतात.

हिशेब जवळून पाहू. काट्याच्या ताटाखाली लोड सेल नावाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो. वजनाने तो डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो, आणि त्यावर चिकटवलेल्या चार बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध त्यानुसार बदलतो. शाळा-कॉलेजात शिकलेला व्हीटस्टनचा पूल तो हाच. अशा लोड सेलला एक व्होल्ट दिला, तर पूर्ण वजनाला साधारण दोन मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे पाच व्होल्टना दहा मिलिव्होल्ट. लोड सेल 30 किलोचा धरला, तर पाच ग्रॅमच्या वाट्याला सुमारे 1.7 मायक्रोव्होल्ट येतात, म्हणजे एका व्होल्टचा सहा लाखावा भाग. हौशी मुलांच्या हातातही सर्रास दिसणारी एचएक्स711 ही स्वस्त चिप या कामासाठीच बनवलेली आहे. तिची मोजण्याची कक्षा उणे 20 ते अधिक 20 मिलिव्होल्ट आहे. त्याचे 24 बिटांत तुकडे केले की एक पायरी 2.4 नॅनोव्होल्टची होते. पण याच चिपच्या माहितीपत्रकात, म्हणजे डेटाशीटमध्ये, तिचा स्वतःचा गोंगाट, म्हणजे वजन स्थिर असतानाही आकडा हलवणारी विद्युत खळबळ, सरासरी 50 नॅनोव्होल्ट असल्याचे नोंदवलेले आहे. सरासरी 50 असलेला गोंगाट टोकापासून टोकापर्यंत सुमारे 330 नॅनोव्होल्ट फिरतो. आपल्या दहा मिलिव्होल्टना 330 नॅनोव्होल्टने भागले, तर सुमारे 30,000 स्थिर पायऱ्या उरतात, म्हणजे जेमतेम 15 बिट. उरलेल्या नऊ बिटांपैकी दोन बिट कक्षेचा चौथा भागच वापरल्यामुळे वाया जातात आणि सात बिट गोंगाटच मोजत असतात. त्या 30,000 पायऱ्यांतली एक पायरी एक ग्रॅमची. म्हणून पाच ग्रॅमचाच आकडा दाखवणारा काटा आळशी नसून प्रामाणिक आहे.

सगळा दोष चिपचा आहे असेही नाही. कोणताही रोध नुसत्या उष्णतेमुळे कुजबुजत असतो, हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 साली दाखवून दिले. लोड सेलच्या 350 ओहमांची ही कुजबुज दहा हर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे साडेसात नॅनोव्होल्ट भरते. म्हणजे चिप पूर्ण निर्दोष असती, तरी 2.4 नॅनोव्होल्टची पायरी निसर्गाच्या कुजबुजीतच बुडाली असती. आता तर 32 बिटांच्या अशा चिपही बाजारात आहेत.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मापनयंत्रे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी अनेक वर्षे काढली. नवी चिप आली की तरुण मंडळी डेटाशीटचे पहिले पान वाचत, आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी थेट मधल्या पानावरचा गोंगाटाचा तक्ता उघडून बसत. पहिले पान विक्री खात्याचे असते, खरे पान तक्त्याचे, असे ते म्हणत. तक्त्यातही ‘टिपिकल’ या रकान्यावर बोट ठेवून, कमाल मर्यादेचा रकाना रिकामा का, असे विचारत. कारण टिपिकल म्हणजे बहुधा असेच निघेल, आणि कमाल म्हणजे याहून वाईट निघाले तर जबाबदारी आमची. बाकीच्या तक्रारी नेहमीच्याच: नव्या चिपना पायच नसतात, त्यामुळे हाताने सोल्डर करता येत नाहीत; आणि प्रोसेसर व मापन एकाच चिपमध्ये कोंबले की प्रोसेसरची खडखड मापनात उतरते. या खडखडीची कबुली उत्पादकही देतात. आर्डुइनो या हौशी लोकांच्या सर्किट-पाटीमुळे घरोघरी पोचलेल्या चिपमध्ये मापन चालू असेपर्यंत प्रोसेसरला झोपवून ठेवण्याची खास सोय आहे.

असे असूनही एचएक्स711 च्या जातीच्या चिपचे अभियंत्यांना मनापासून कौतुक आहे. ते 24 या आकड्याचे नसून, आत वापरलेल्या सिग्मा-डेल्टा नावाच्या युक्तीचे आहे. टोकियोच्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी ती 1962 मध्ये मांडली. त्यांनी नाव डेल्टा-सिग्मा असे ठेवले होते. पुढे कोणी ते उलटे केले आणि आता दोन्ही नावे चालतात. ही युक्ती मला इतकी आवडते, की ती सांगण्यासाठी थोडी जागा जास्त लागली तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे.

समजा, आपल्या घरी रोज 37 रुपयांचे पाव-उंडे येतात, आणि घरात शंभराच्या नोटांशिवाय काही नाही. पोदेराकडेही, म्हणजे सायकलवरून घरोघरी पाव देणाऱ्याकडेही, सुटे पैसे नाहीत, हे गोव्यात कोणालाही पटेल. तेव्हा पोदेर सायकलला अडकवलेल्या वहीत बाकी लिहितो, आणि बाकी शंभर झाली किंवा शंभरावर गेली की एक नोट घेऊन तेवढी वजा करतो. पहिल्या दिवशी बाकी 37, दुसऱ्या दिवशी 74, तिसऱ्या दिवशी 111. नोट दिली, बाकी 11. पुढे 48, 85, आणि सहाव्या दिवशी 122. पुन्हा नोट दिली, बाकी 22. अशा रीतीने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, अकराव्या दिवशी नोटा जातात. शेजारच्या खिडकीतून कोणी फक्त ‘आज नोट दिली’ किंवा ‘आज दिली नाही’ एवढेच टिपत राहिले, तर अकरा दिवसांत चार नोटा, म्हणजे रोजचे 36.4 रुपये, असा अंदाज त्याला करता येईल. 30 दिवसांत अकरा नोटा, म्हणजे 36.7, आणि शंभर दिवसांत बरोबर 37 नोटा. हो किंवा नाही एवढेच सांगणाऱ्या एका बिटातून रुपयापर्यंतचा हिशेब मिळाला. चिपमध्ये वहीच्या जागी विद्युतभार साठवणारा संधारित्र असतो, नोटेच्या जागी ठरावीक विद्युतदाब असतो, आणि हा व्यवहार सेकंदाला हजारो वेळा होतो. बाकी साठवणे हा सिग्मा, वजा करणे हा डेल्टा.

सगळी जादू वहीत आहे. वही नसती आणि रोज नुसते ‘37 हे पन्नासापेक्षा जास्त आहेत का’ एवढेच विचारले असते, तर उत्तर कायम ‘नाही’ आले असते आणि वर्षभराची सरासरी शून्यच निघाली असती. चिठ्ठ्या टाकून नोट द्यायचे ठरवले असते, तर सरासरी हळूहळू 37 कडे गेली असती खरी, पण चूक निम्मी व्हायला चौपट दिवस लागले असते. वहीमुळे चूक निम्मी व्हायला दुप्पट दिवस पुरतात, कारण किती दिवसांचा हिशेब केला तरी चुकीची रक्कम शेवटच्या बाकीपेक्षा, म्हणजे शंभरापेक्षा, मोठी होऊच शकत नाही. थोडे गणिताकडे वळून सांगायचे, तर एखाद्या दिवशीच्या भरण्यातली चूक म्हणजे आजची बाकी आणि कालची बाकी यांतला फरक. लागोपाठच्या फरकांची बेरीज केली की मधल्या सगळ्या बाक्या एकमेकींना खोडून टाकतात. त्यामुळे संथ बदलांतली चूक नाहीशी होते आणि चटकन वरखाली होणारी तेवढी उरते; ती पुढचा डिजिटल गाळक काढून टाकतो. गोंगाट नष्ट झालेला नसतो, तो आपल्याला नको असलेल्या दिशेला हाकलला गेलेला असतो. वाचनांचा वेग दुप्पट केला, तर साध्या सरासरीने अर्धा बिट मिळतो, एका वहीने दीड, आणि वहीच्या बाकीची बाकी ठेवणारी दुसरी वही जोडली तर अडीच. वह्या वाढवत गेले की तो व्यवहार अस्थिर होऊ शकतो, आणि तिथे अभियंत्यांचे खरे कसब सुरू होते.

या युक्तीचे वैगुण्यही पोदेराच्याच वहीत सापडते. रोजचा माल एकच रुपयाचा असेल, तर शंभर दिवसांत एकच नोट जाईल. महिन्या-महिन्याची सरासरी घेणाऱ्याला तीन महिने शून्य दिसेल आणि चौथ्या महिन्यात अचानक धक्का. ध्वनियंत्रांमध्ये असे ठरावीक अंतराने येणारे ठोके बारीक शिटीसारखे ऐकू येतात. शिवाय सरासरीला वेळ लागतो. एचएक्स711 सेकंदाला दहा वाचने देते, पण वजन बदलल्यावर आकडा स्थिर होण्यास तिला 400 मिलिसेकंद लागतात. मासळीवालीचा हात कित्येकदा त्याआधीच फिरतो. दहा हा वेग मात्र विचारपूर्वक निवडलेला आहे. शंभर मिलिसेकंदांत आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेचे बरोबर पाच फेरे पूर्ण होतात आणि अमेरिकेतल्या 60 हर्ट्झचे सहा, त्यामुळे विजेच्या तारांची गुणगुण सरासरीत शून्य होते.

पडद्यावर आकडे दिसले म्हणजे मोजमाप झाले, या समजुतीवर एक धंदाही चालतो, त्याचा इथे उल्लेख करणे भाग आहे. धातूची दांडी मिनिटभर हातात धरायला लावून यकृत, हाडे आणि मूत्रपिंडे यांचा दशांश चिन्हांसह अहवाल छापून देणारी ‘क्वांटम’ यंत्रे आरोग्य शिबिरांत दिसतात. मूत्रपिंडाची प्रकृती तळहातावर विद्युतदाब होऊन उमटत नाही, आणि जे आत येतच नाही ते कितीही बिटांची चिप मोजू शकत नाही. असे यंत्र दाखवणाऱ्याला ती दांडी ओल्या फडक्यात गुंडाळायला सांगावी आणि फडक्याची मूत्रपिंडे कशी आहेत ते विचारावे.

आता विक्रमकडे येतो. हा प्रोसेसर मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत 180 नॅनोमीटर पद्धतीने (हा आकडा चिपवरच्या सर्वांत बारीक भागाच्या मापाचा) तयार झाला, म्हणून समाजमाध्यमांवर त्याची ‘वीस वर्षे जुना’ अशी टिंगल झाली. तो उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटांसाठी आहे, ही गोष्ट बाजूला ठेवली, तरी 180 नॅनोमीटरला जुने म्हणून हसणाऱ्यांना ॲनालॉगचे अभियंते हसतील. डिजिटल स्विच जितका लहान तितका चांगला. ॲनालॉगमध्ये मात्र दोन जोड ट्रान्झिस्टर हुबेहूब सारखे हवे असतात, आणि त्यांच्यातला फरक निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट करावे लागते, असे पेलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवले. त्यात लहान ट्रान्झिस्टरना विद्युतदाबही कमी द्यावा लागतो, म्हणजे गोंगाट तेवढाच आणि संकेत मात्र आखडलेला. म्हणून आजही कित्येक नव्या ॲनालॉग चिप 180 किंवा 130 नॅनोमीटरवर निवांत बनतात. सिग्मा-डेल्टाचे महत्त्व इथेही आहे: तिचे पाऊल एकाच बिटाचे असल्याने पातळ्या दोनच, आणि दोन बिंदूंतून सरळ रेषाच जाते, हजारो जोड्या जुळवत बसण्याची गरज नाही.

चिपच्या बाहेर काय होते, त्याबद्दल डेटाशीटमध्ये फारसे नसते. एका जुलैत आमच्या कारखान्यातले लोड सेलचे सर्किट सकाळी शंभर-सव्वाशे ग्रॅम जास्त दाखवू लागले आणि दुपारपर्यंत पूर्ववत होऊ लागले. आठवडाभर आम्ही नव्या चिपलाच दोष दिला. खरे कारण होते सोल्डरिंगनंतर सर्किटच्या पाटीवरून न धुतलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट बसावे म्हणून लावलेला पदार्थ. त्यावर रात्री पावसाळी खारट दमट हवा बसून दोन तारांमध्ये ओलीची अदृश्य वाट तयार होत होती. तिचा रोध एक कोटी ओहम असला, तर व्हीटस्टनच्या पुलाच्या 350 ओहमच्या एका भुजेत फक्त 35 दशलक्षांश इतका फरक पडतो. पण त्यातून 44 मायक्रोव्होल्ट निघतात, आणि आपल्या मापात ते 130 ग्रॅम होतात. आम्ही पाटी अल्कोहोलने धुतली, तिच्यावर संरक्षक लेप दिला, आणि पुढच्या पाट्यांवर त्या दोन तारांमध्ये दोन मिलिमीटरची खाच कापून घेतली.