बंब दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? नगरपंचायतींसाठी प्रक्रिया आणि कागदपत्रे

उन्हं तापली की आपल्याकडे कुटाराच्या गंज्या, पऱ्हाटीचे ढीग पेटू लागतात. नेमका तेव्हाच नगरपंचायतीचा एकुलता एक अग्निशमन बंब मोडून उभा असला, तर निर्णय लवकर व्हायला हवा आणि तो कागदावर व्हायला हवा.

पहिले आरसी बुक काढा. पहिल्या नोंदणीला १५ वर्षे झाली असतील, तर दुरुस्तीचा विषय तिथेच संपतो. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अशा वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. सूट आहे ती संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष वाहनांना. निर्लेखनाचा, म्हणजे गाडी वापरातून आणि नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव घ्या आणि गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्या.

गाडी त्याआतली असेल तर काय मोडले ते बघा. पंप, पीटीओ (इंजिनाची ताकद पंपाला देणारा भाग), व्हॉल्व्ह, होज रील बदलता येतात. गळकी टाकीही नवी बसवता येते. चेसिस वाकली असेल तर मात्र पैसे घालू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ४,५०० लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन पाणी, आणि ते घेऊन आपली पोरं पांदण रस्त्याने धावतात.

अपघात असेल तर विमा सर्वेक्षक येईपर्यंत एक नटही खोलू नका. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या (विमा काढताना धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. त्या मूल्यात पंप आणि बांधणी धरली होती का, तेही तपासा. गाडी कायमची निकामी ठरली, तर १४ दिवसांत आरटीओला कळवणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे.

प्रस्तावाला आरसी, विमा, योग्यता प्रमाणपत्र, लॉगबुक, चालकाचा परवाना, पोलीस पंचनामा, फोटो आणि मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल जोडा. कार्यशाळेकडून चेसिस आणि पंपाचे अंदाजपत्रक वेगवेगळे मागा. एकत्र आकड्यात काहीच कळत नाही. पुढे मुख्याधिकाऱ्यांची टिप्पणी, सभेचा ठराव, प्रशासकीय मान्यता, निविदा. नव्या गाडीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करता येते.

या सगळ्यात महिने जातात. आमच्याकडे एकदा बंब कार्यशाळेत होता आणि शेजारच्या नगरपरिषदेला पत्रच गेले नव्हते. गोठा जळाला, बैल दावणीलाच होते. म्हणून गाडी हलवण्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या बंबाची लेखी हमी घ्या आणि त्यांचा फोन नंबर तहसील, पोलीस ठाणे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत पोहोचवा.