लघवी गळणे हा केवळ बाळंतपणाचा दोष नव्हे

शिंकताना किंवा जिना चढताना लघवी गळणे हा बाळंतपणाचा आणि उतारवयाचा भोग असून त्याचा हृदयाशी काही संबंध नाही, हा समज नाशिकमध्येही अनेक घरांत टिकून आहे. तो अर्धाच खरा आहे. बाळंतपणाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. परंतु मधुमेह, लठ्ठपणा आणि धूम्रपान हे हृदयाचा धोका वाढवतात, तसाच लघवीवरील ताबाही कमी करू शकतात.

गळण्याच्या धास्तीने गोदापार्कवरचे फिरणे किंवा पांडवलेणीची चढण सोडणाऱ्या बाईची हालचाल घटते, वजन वाढते आणि वाढलेले वजन मूत्राशयावर आणखी दाब आणते. लघवी गळण्यामुळेच हृदयविकार होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

औषधांचा भाग तर सहसा कोणी सांगतच नाही. एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो आणि खोकल्यासरशी लघवी गळते. प्राझोसिन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधाने मूत्रमार्गाची पकड ढिली होऊ शकते, तर लघवी वाढवणाऱ्या गोळीने घाई होते. गोळी परस्पर बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टर ती किंवा तिची वेळ बदलू शकतात.

हृदय अशक्त असल्यास दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि रात्री वारंवार उठावे लागते. अशा वेळी पायांना सूज किंवा धाप असेल, तर केवळ मूत्राशयाची नव्हे, हृदयाचीही तपासणी करून घ्यावी.