गोल्डफिशची शेपटी झडते तेव्हा

नवा फिशटँक घरी आला की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोल्डफिशच्या शेपटीची कड दुधाळ दिसू लागते आणि मग तिच्या चिंध्या होतात. दुकानदार निळ्या औषधाची बाटली हातात ठेवतो. ती ओतण्याआधी पाणी तपासा.

शेपटी कुजवणारे एरोमोनास, स्यूडोमोनास हे जीवाणू टाकीत एरवीही असतात. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत असेपर्यंत त्यांचं फारसं चालत नाही. हा थर बिघडवण्यात अमोनियाचा हात मोठा. मासा कल्ल्यांवाटे तो सतत बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन विद्युतभारित असल्यामुळे कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. मुक्त अमोनिया मात्र थेट शिरतो. कोणतं रूप किती, हे पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर, ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या जेमतेम ०.६ टक्के, पीएच ८ ला ५ टक्क्यांहून जास्त, ९ ला तिसऱ्या हिश्श्याच्याही वर. टेस्ट किट सहसा दोन्हींची बेरीज दाखवतं. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम हाच आकडा पीएच ७ च्या टाकीत निभावून जातो, तर पीएच ८ च्या टाकीत नऊपट विषारी ठरतो. त्यातही टाकीत वनस्पती भरपूर असतील, तर उजेडात त्या कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि दुपारनंतर पीएच चढतो. म्हणून सकाळच्या तपासणीवर विसंबू नका, संध्याकाळीही मोजा.

अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. ती वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने ते मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो पिळावा. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, मुख्य टाकीत ओतलं तरी याच जीवाणूंना फटका बसतो.

मासा मेला की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ असं सांगून लगेच नवा मासा विकला जातो. तो त्याच अमोनियात सोडला जातो आणि तोही मरतो. हे थांबायला हवं.

फाटलेली कड स्वच्छ असेल, पांढरी नसेल, तर दुसऱ्या माशाने कुरतडलंय किंवा प्लास्टिकच्या झाडात पर अडकलाय. कारण दूर करा, पुरे. कड दुधाळ असेल किंवा परावर लाल रेषा असतील, तर दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि रोज ३० ते ४० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. सोबत साधं, काहीही न मिसळलेलं मीठ लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ४० लिटरला १२० ग्रॅम. ते विरघळवून बारा-बारा तासांनी तीन हप्त्यांत घाला. जिवंत वनस्पती आधी काढा. जखमेतून शिरणारं पाणी बाहेर टाकण्याचा माशाच्या शक्तीचा खर्च मिठामुळे कमी होतो. पुढे १६ लिटर बदललं तर मीठ ४८ ग्रॅमच घाला. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना मुळीच नको, कारण मीठ उडून जात नाही.

बूड शाबूत असेल तर पर पुन्हा वाढतो. नवा पापुद्रा आधी पारदर्शक असतो. भरताना कडेला काळा रंग आला तर घाबरू नका. कुज बुडाशी पोचली असेल, तर अंदाजाने अँटिबायोटिक न टाकता मासा वेगळ्या टाकीत ठेवून माशांच्या आजारांचा जाणकार पशुवैद्य गाठा.