कुटुंबचित्रांच्या उत्कीर्ण प्रतिकृती

रंगवलेल्या कुटुंबचित्रांवरून धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या प्रती. यूरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत त्यांचा मोठा प्रसार झाला. मूळ तैलचित्र घरातच राहत असे. नातलगांना, आश्रितांना व संग्राहकांना मिळे ती छापील प्रत.

प्रतिकृती प्रामुख्याने दोन पद्धतींनी होत. रेषा-उत्कीर्णनात ब्यूरिनने, म्हणजे कोरण्याच्या टोकदार पोलादी हत्याराने, तांब्यात खाचा पाडून समांतर व छेदणाऱ्या रेषांतून छटा बांधतात. व्हॅन डाइकच्या चित्रावरून रॉबर्ट स्ट्रेंजने केलेली पहिल्या चार्ल्सच्या मुलांची प्रतिकृती (१७५८) या पद्धतीची आहे. रेशीम व लेस यांत रेषा सरस ठरते. मात्र त्वचेचा मऊपणा आणि पार्श्वभूमीचा काळोख दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे पत्रा खरखरीत करून छटा साधणाऱ्या मेझोटिंटमध्येच, खुलतो.

मेझोटिंटच्या जनकत्वाबद्दल दीर्घकाळ मतभेद होते. इंग्लिश लेखक जॉन एव्हलिनने १६६२ मध्ये हे श्रेय राजपुत्र रुपर्टला दिले आणि इंग्लंडमध्ये तेच रूढ झाले. परंतु लुडविग फोन झीगेन या जर्मन उत्कीर्णकाने केलेले हेसे या जर्मन संस्थानाची अमेली एलिझाबेथ हिचे व्यक्तिचित्र १६४२ चे आहे, आणि त्याच वर्षी तिच्या मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या नव्या पद्धतीचा उल्लेख केला आहे. त्यामुळे आद्यत्व झीगेनचे मानणे अधिक सयुक्तिक होय. तथापि त्याची पद्धत उजेडाकडून काळोखाकडे जाणारी होती: गरज असेल तेवढाच भाग तो दातेरी हत्यारांनी खरखरीत करी. संपूर्ण पत्रा आधी काळा करून त्यातून उजेड काढण्याच्या रीतीचे श्रेय सामान्यतः रुपर्टला, आणि तिचे हत्यार, रॉकर, सुधारण्याचे बहुधा अब्राहम ब्लोटेलिंगला दिले जाते. इंग्लंडमधील पहिले सालासह मेझोटिंट विल्यम शेरविनचे, १६६९ चे आहे.

रॉकर म्हणजे कमानदार, दातेरी धारेची पोलादी पटाशी. ती तांब्यावर डोलवत आडवी, उभी, तिरकी अशा अनेक दिशांनी फिरवतात. मोठ्या पत्र्याला यातच कित्येक दिवस लागतात. प्रत्येक दातामागे खळगा पडतो व धातूची कूस, म्हणजे उचललेली खरखरीत कड, वर येते. ही कूस शाई धरते, म्हणून या अवस्थेत छापल्यास कागद मखमली काळा उमटतो. मग तासणीने कूस कमी करत मधल्या छटा, आणि घोटणीने गुळगुळीत करत कपाळ, नाक, कॉलर यांवरील उजेड काढतात. दिशा कमी पडल्या तर काळोखात पट्टे दिसतात. जास्त तासले गेले तर तेवढा भाग पुन्हा खरखरीत करावा लागतो, आणि ते ठिगळ बहुधा लपत नाही. छपाईचा कागद ओलसर व मऊ हवा. कोरडा कागद खळग्यांत उतरत नाही.

मोठी अडचण झिजेची. दाबाखाली कूस चेपते आणि काळोख आधी करडा पडतो. तांब्याच्या पत्र्यावरून उत्तम ठसे जेमतेम शंभरच्या आसपास निघत. पुढे पत्र्याची डागडुजी करून छपाई चालू ठेवत, पण चेहऱ्यांचा नाजूकपणा परत येत नसे. १८२० च्या दशकात पोलादी पत्रे आल्यावर ठशांची संख्या वाढली, काळा रंग मात्र काहीसा रुक्ष झाला.

छापताना चित्र उलटते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा उत्कीर्णक मूळ चित्र आरशात पाहून कोरी. तसे न केल्यास डावखुरी माणसे व उलट बाजूस बटणे दिसतात. रेनल्ड्सच्या वॉल्डग्रेव्ह भगिनींच्या चित्रावरून व्हॅलेंटाइन ग्रीनने केलेले मेझोटिंट (१७८१) या शाखेतील उत्कृष्ट कामांपैकी एक आहे.

ओळख पटवताना चित्राखालची लॅटिन अक्षरे पाहावीत. ‘पिंक्सिट’ नावापुढे असेल तो चित्रकार, ‘स्कल्प्सिट’ किंवा ‘फेसिट’ असेल तो उत्कीर्णक, ‘एक्सकुडिट’ असेल तो प्रकाशक. १७३५ च्या इंग्लिश कायद्याने ठशांना १४ वर्षांचे संरक्षण दिले व पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख घालणे आवश्यक केले. १७६७ मध्ये मुदत २८ वर्षे झाली. जेम्स ग्रेंजरच्या १७६९ च्या चरित्रकोशानंतर पुस्तकांत व्यक्तिचित्रे चिकटवण्याची टूम निघाली, आणि त्यासाठी असंख्य ठशांचे समास कापले गेले. अशा प्रतीत चेहरे उरतात, नावे जातात.