जर्मनी-ऑस्ट्रियातली जुनी टोपी भारतात आणताना: टोपी सुटते, तुरा अडतो

व्हिएन्नाच्या नाशमार्क्टला लागून दर शनिवारी जुना बाजार भरतो. तिथे पितळी दिवे आणि चिनीमातीच्या बशांमध्ये हटकून दोन-चार टोप्या असतात: हिरव्या फेल्टची टिरोली, कधी काळी सिल्कची टॉप हॅट, क्वचित पत्र्याच्या डब्यात जपलेला गाम्सबार्ट, म्हणजे टोपीला खोचायचा केसांचा झुबका. तिकडे नोकरीनिमित्त असलेली आपली मंडळी परतताना अशी एखादी टोपी घेतात आणि मग विचारतात, अँटीक आहे, सरकारी परवानगी लागेल का?

टोपीसाठी बहुतेक वेळा लागत नाही. युरोपियन युनियनचा 2009 चा 116 क्रमांकाचा नियम सांस्कृतिक वस्तू युनियनबाहेर नेण्याबद्दल आहे. एकट्या टोपीला त्याखाली परवाना लागायचा तर ती 100 वर्षांहून जुनी हवी आणि तिची किंमत 50,000 युरोंच्या वर हवी. जुन्या बाजारातली टोपी त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. ऐतिहासिक महत्त्वाचा अख्खा संग्रह एकदम विकत घेतलात, तर मात्र हिशेब वेगळा होतो.

तरी किंमत आणि वय कागदावर दाखवता आलं पाहिजे. त्यामुळे पावती घ्याच, आणि तीवर 'जुनी टोपी' एवढंच नको. प्रकार, बनवणारा, अंदाजे काळ, सगळं लिहून घ्या. काळ ठरवायला टोपी उलटी करा. आतली चामड्याची घामपट्टी अलगद बाहेर वळवली की सोनेरी छाप दिसतो. व्हिएन्नाच्या हाबिग कंपनीचा (स्थापना 1862) छाप असेल आणि त्यात 'के. उंड के.' हा शाही पुरवठादाराचा शिक्का असेल, तर टोपी बहुधा 1918 च्या आधीची, कारण त्यानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्यच उरलं नाही. 'नॉयटिट्शाइन' हे गावाचं जर्मन नाव असेल तर ती बहुधा 1945 च्या आधीची. ते गाव आज चेक प्रजासत्ताकात नोव्ही यिचीन म्हणून ओळखलं जातं. या छापाचा जवळून, उजेडात फोटो काढून ठेवा. अर्जात वयाचा सर्वांत बोलका पुरावा तोच ठरतो.

खरोखर परवाना लागलाच, तर जर्मनीत अर्ज राज्य पातळीवर करायचा. तिथला सांस्कृतिक वारसा संरक्षण कायदा 2016 पासून लागू आहे. ऑस्ट्रियात अर्ज बुंडेसडेंकमालआम्टकडे, म्हणजे केंद्रीय स्मारक कार्यालयाकडे जातो. ऑस्ट्रियाचा स्वतःचा 1923 चा स्मारक संरक्षण कायदाही आहे, तेव्हा युरोपियन मर्यादेत बसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका; शंका असेल तर फोटो पाठवून आधीच विचारा. अर्ज मालकाने किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या कुणी करायचा. सोबत मालकीचा पुरावा, किंमत, वर्णन, मापं आणि किमान 8 × 12 सेंटीमीटरचा फोटो. परवाना मिळाला की तो जास्तीत जास्त 12 महिने चालतो.

आता तुऱ्याकडे वळू. गोंधळ इथेच होतो.

गाम्सबार्ट या नावाचा अर्थ 'गाम्सची दाढी', पण ते केस दाढीचे नसून आल्प्समधल्या त्या रानबकऱ्याच्या पाठीच्या कण्यावरचे असतात. हा आल्प्समधला गाम्स साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाही, त्यामुळे त्या परवान्याचा प्रश्न येत नाही. (बाजारात हरणाचे किंवा बिज्जूचे केसही त्याच नावाने खपतात. टोपी विकताना टोपी घालणारे सगळीकडेच.) पण बव्हेरियन टोपीवर पांढरं मऊ पिसाचं फूल असेल, तर ते सोनेरी गरुडाचं असू शकतं, आणि तो पक्षी युरोपियन युनियनच्या सर्वांत कडक यादीत आहे. 3 मार्च 1947 च्या आधी मिळवलेल्या आणि घडवलेल्या वस्तूंना युनियनच्या आत विक्रीची सूट आहे. ती वस्तू युनियनबाहेर नेताना मात्र साइट्सचं प्रमाणपत्र काढावंच लागतं. जर्मनीत त्यासाठी बॉनच्या बुंडेसआम्ट फ्युर नाटुरशुट्सकडे जायचं. तारीख पिसाची मोजतात, टोपीची नाही. 1910 च्या टोपीत 1970 साली खोचलेलं पीस अँटीक ठरत नाही. पुरावा म्हणून जुना कौटुंबिक फोटो, जुनी पावती किंवा जाणकाराचं लेखी मत जोडा. कागद जमत नसतील तर पीस काढून विक्रेत्याकडेच ठेवलेलं बरं. टोपी त्याशिवायही शोभते.

लष्करी टोप्यांचं आणखी वेगळं. प्रशियाची टोकदार पिकेलहाउबे 1842 पासूनची, तिच्यावरच्या गरुडचिन्हाला अडचण नाही. नाझी काळातल्या चिन्हाची टोपी मात्र जर्मनीत दंडसंहितेच्या 86अ कलमाखाली (बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हं जाहीर दाखवायला मनाई) येते आणि ऑस्ट्रियातही कायदा कडक आहे. बाजारात अशा टोपीच्या बिल्ल्यावर विक्रेत्याने कागदी चिकटपट्टी लावलेली दिसेल. ती काढून फोटो टाकायच्या भानगडीत पडू नका.

व्हॅट परताव्याची आशा थोडी कमीच ठेवा. मुळात तो युनियनबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो, जर्मनीत 50 आणि ऑस्ट्रियात 75 युरोंच्या वरच्या खरेदीवर. त्यातही जुन्या वस्तूंचे बरेच विक्रेते फक्त आपल्या नफ्यावर कर भरतात. त्या पावतीवर परत मिळण्यासारखा व्हॅटच नसतो.

भारतात येताना टोपी स्वतःच्या सामानात आणा, कुरिअरने मागवू नका. आपल्या परराष्ट्र व्यापार धोरणात यंत्रसामग्रीसारखा भांडवली माल सोडला तर बाकी वापरलेल्या वस्तूंची आयात 'रिस्ट्रिक्टेड' आहे, तिला डीजीएफटीची, म्हणजे परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाची परवानगी लागते. सामानाची मोफत मर्यादा बदलत असते, निघण्याआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. पावती आणि साइट्सचा कागद हातातल्या बॅगेत असू द्या, चेक-इन केलेल्या बॅगेत नको. पॅक करताना हातमोजे घाला: जुन्या फेल्टच्या सशाच्या केसांवर पाऱ्याच्या क्षाराची प्रक्रिया होत असे, आणि तो पारा अजून त्यात असू शकतो.

पुढे कधी ती टोपी परत युरोपात नेणार असाल तर एक लक्षात ठेवा. 1972 च्या भारतीय पुरावशेष कायद्यात 100 वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 'पुरावशेष' ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. टोपी परदेशातूनच आली होती हे दाखवायला येतानाची पावती जपून ठेवा, आणि विमानतळावर वाद नको असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला निघण्याआधीच घ्या.