पावसाळ्यात काइट घेऊन घाटावर: उजनीच्या सहलीला येण्याआधी वाचा

जूनच्या सुरुवातीला गुहागरच्या किनाऱ्यावरचा आमचा काइटसर्फिंगचा मांडव उतरतो, तो नारळी पौर्णिमा झाल्यावरच परत उभा राहतो. मधल्या दिवसांत एक फोन हमखास येतो: "समुद्र बंद आहे, मग एखाद्या तळ्यावर नाही का जमणार?" जमतं, आम्ही नेतोही. पण फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं की तळं म्हणजे शांत पाणी, म्हणजे काम सोपं. काइट म्हणजे हवा भरलेला मोठा पतंग, पायाखालच्या फळीसकट तो आपल्याला पाण्यावरून ओढतो. ती चालते वाऱ्यावर. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे दुपारचा खारा वारा मोकळ्या समुद्रावरून एकसारखा येतो. तळ्यावर पोचणारा वारा झाडं, घरं, टेकड्या यांना आपटत आलेला असतो. म्हणून तळं निवडताना आम्ही पाण्याआधी त्याच्या भोवतालची जमीन बघतो.

धामापूर का नाही, कोयना का नाही

धामापूरबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. तळं देखणं आहे, १५३० सालचं आहे, कोकणातच, सिंधुदुर्गात आहे. पण काठावर गर्द झाडीचे डोंगर आहेत. अडथळा जितका उंच, त्याच्या सात ते दहापट अंतरापर्यंत मागचा वारा फाटलेला असतो. ५० मीटरची टेकडी असेल तर अर्धा किलोमीटर पाणी काइटच्या कामाचं राहत नाही. धामापूरला काठावर बसून डबा खावा. कोयनेचा शिवसागर तर दऱ्यांत शिरलेला आहे, वर अभयारण्याचा भाग. तो विषय आम्ही काढतच नाही.

उजनीचं तसं नाही. भीमेवरचं हे धरण ११७ टीएमसीचं. मागे पसरलेल्या पाण्याच्या एका काठाला पुणे जिल्हा, दुसऱ्या काठाला सोलापूर, आणि भोवती सपाट माळ. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्री ओलांडतो, पाऊस बराचसा आपल्या डोक्यावर ओततो आणि पुढे कोरडा होऊन पठारावर धावतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीला पवनचक्क्या उभ्या केल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. आपल्याकडे छत्री उलटी होत असते तेव्हा इंदापूरकडे वर्षभरात जेमतेम ५००-५५० मिलिमीटर पाऊस. आपल्याला हवा तो वारा तिथे असतो आणि अंगावर मुसळधार नसते.

कधी

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. मे महिन्यात कितीही आग्रह केलात तरी आम्ही नेणार नाही. वळवाचं वादळ पठारावर दहा मिनिटांत येतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला जाणारी प्रवासी बोट अशाच वाऱ्यात याच पाण्यावर उलटली आणि सहा जण गेले. क्षितिजावर काळं दिसलं, गडगडाट ऐकू आला की काइट खाली. त्या वेळी पैसे, वेळ, "शेवटची एक फेरी" यातलं काहीही चालत नाही. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला जरूर जा, मात्र काइट घरी ठेवून. तेव्हा वारा पडलेला असतो आणि पाणी पक्ष्यांचं असतं.

निघण्यापूर्वी बातम्यांत धरणाची टक्केवारी ऐकाल. उजनी शून्य टक्के म्हणजे कोरडी असं नाही. खाली सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा असतो. आम्हाला काळजी वेगळीच: पाणी उतरलं की काठावर गुडघाभर गाळ, आणि पाण्याखाली काय आहे त्याचा नेम नाही. धरणात गावं गेली आहेत. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फार आटलं की वर येतं. दगडी भिंती, बाभळीचे खुंट, मच्छीमारांची जाळी पाण्याखाली असतात. आदल्या दिवशी आम्ही होडीतून पट्टा बघून घेतो. लाल झेंड्यांच्या पलीकडे जायचं नाही.

काटा

हा वेगळा मथळा का, ते सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही गुहागरच्या सवयीने काइट थेट जमिनीवर पसरली आणि पंप मारला. पुढची नळी फुगली, टणक झाली, आणि पाणी भरून आणेपर्यंत मऊ. कान लावला तर सूं. नळीच्या आतला ब्लॅडर बाहेर काढून सायकलच्या ट्यूबसारखा बादलीत बुडवला, तेव्हा बुडबुड्यांची एक नाही, तीन ठिकाणं सापडली. वेड्या बाभळीचे काटे कापडातून आरपार. त्या दिवशीचा सगळा वारा पंक्चर काढण्यात गेला. तेव्हापासून दोन मोठ्या ताडपत्र्या आणि चिकटपट्टीचे तुकडे गाडीत असतातच. तुम्ही जाड तळव्याचे बूट आणा. स्लीपरमधून काटा वर येतो.

पाण्यात काय वेगळं वाटेल

गोड्या पाण्याची उचल समुद्रापेक्षा अडीच टक्के कमी असते. ७५ किलोच्या माणसाला जवळपास दोन किलो कमी आधार मिळतो. ऐकायला किरकोळ आहे, पण थकल्यावर कळतं. म्हणून नुसता मार झेलणाऱ्या इम्पॅक्ट जॅकेटवर भागणार नाही, तरंगणारं लाइफ जॅकेट सक्तीचं.

वारा झोतांनी येतो. १० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) १४ झाला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ७० किलोच्या माणसाला १५ नॉटला साधारण १२ मीटरची (म्हणजे चौरस मीटरची) काइट लागते. उजनीवर आम्ही एक माप लहान देतो. मध्येच ओढ कमी वाटेल, ती वाटू द्या. सरासरी धरून काइट निवडणारा पहिल्याच झोताला उचलला जातो. क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटक्यात सोडायची कळ, डोळे मिटून सापडलं पाहिजे. ते आम्ही काठावर प्रत्येकाकडून करून घेतो, मागच्या वर्षी आलेल्यांकडूनही.

भरती-ओहोटी नाही, लाटाही लहान. पण निघालात तिथेच परत येता येत नसेल तर वारा तुम्हाला दुसऱ्या काठाला, म्हणजे अनेकदा दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडेल. रस्त्याने परत आणायला अर्धा दिवस जातो. म्हणूनच शिकाऊंना ही सहल नाही. आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये गुहागरला या.

पाणी पिऊ नका, तोंडात गेलं तर थुंका. वरच्या शहरांचं सांडपाणी भीमेत येतं. हिरवा तवंग दिसला तर त्या दिवशी उतरत नाही. एक फायदा आहे: मोसमभराचं मीठ बारमधून (काइट धरायच्या दांड्यातून), कप्प्यांतून निघून जातं. परत आल्यावर काइटच्या दोऱ्यांना अडकलेले जलपर्णीचे तुकडे मात्र झाडून टाका, दुसऱ्या तळ्याला ते नकोत.

प्रवास आणि बाकीचं

चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड, फलटण, बारामती, भिगवण. सात-आठ तास, घाटात धुकं असेल तर नऊ. दरड पडली तर सहल पुढे ढकलतो. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय तारीख पक्की करत नाही, आणि गावातल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय काठ ठरवत नाही. जेवायला भिगवणची मच्छी. चिलापीला आपल्या सुरमईची सर नाही हे आम्हीही मान्य करतो, पण दिवसभर पाण्यात काढल्यावर तीन तुकडे कुठे जातात ते समजत नाही.

वाऱ्याची हमी कोणी देत नाही, आम्हीही नाही. दोन्ही दिवस वारा पडला तर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च कापून उरलेले पैसे परत. नाव नोंदवताना खरं वजन सांगा (काइट त्यावर ठरते, लाजू नका), पोहता येतं का ते सांगा, आणि शेवटची काइट कधी उडवली तो महिना सांगा. चष्मा असेल तर त्याला दोरी बांधून आणा. उजनीच्या गाळात आमचे दोन चष्मे अजून आहेत.