फुल-फ्रेम लेन्स जीएफएक्सवर: कोपरे काळे येतातच असं नाही

जुनी फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरसाठीची) लेन्स त्याहून मोठ्या सेन्सरच्या फुजीफिल्म जीएफएक्स कॅमेऱ्याला लावली की कोपरे काळे येणारच, हा समज कोकण किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्यांतही पक्का बसलाय. सरसकट तो खरा नाही.

जीएफएक्सचा सेन्सर ४३.८ × ३२.९ मिमी, कर्ण सुमारे ५५ मिमी, फुल-फ्रेमचा ४३. लेन्सचं प्रकाशवर्तुळ (ती सेन्सरवर पाडते ते गोल चित्र) ५५ मिमी भरलं की काम झालं. ८५ मिमी आणि त्यापुढच्या बऱ्याच लेन्स ते भरतात, वाइड सहसा नाही.

परीक्षा दूरवर फोकस करूनच घ्या, कारण बहुतेक लेन्सचं वर्तुळ तिथे सर्वांत लहान असतं. हर्णै बंदरातून सुवर्णदुर्गामागचं क्षितिज धरा. एक फोटो अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडून, एक ते लहान करून एफ/११ ला. अंधार निवळला तर ती नुसती प्रकाशाची घट, एडिटिंगमध्ये सुधारते. काळी कड उलट धारदार झाली तर वर्तुळच अपुरं. मग ३५ मिमी मोड, म्हणजे सेन्सरचा फुल-फ्रेमएवढा मधला भागच वापरा. पण आधी हूड आणि खाऱ्या वाऱ्यापासून बचावाला लावलेला जाड फिल्टर काढून बघा. पुष्कळदा कोपरा तेच खातात!

लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या साध्या (इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या) ॲडॅप्टरवर कॅनन ईएफ लेन्स टाळा: लेन्सवर त्याची रिंग नसल्याने अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. निकॉनची ‘एआय’ मालिकेतली रिंगवाली लेन्स उत्तम चालते. मेनूत ‘शूट विदाउट लेन्स’ तेवढं चालू करा.